देवसिंगच्या यंत्रावर जळालेल्या गाद्यांबाबत

नाव सत्यशीला भीमराज पाईकराव, वय ४६, धंदा गादी-रजईचे दुकान, राहणार ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ.

ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, बाजाराच्या रस्त्यावर माझे दुकान आहे. पती वारले. दुकान मी एकटी चालवते. गिऱ्हाईक जुन्या गाद्या-उशा आणून देतात. त्यातला कापूस मी देवसिंग राठोड यांच्या यंत्रावर पिंजून घेते आणि दुकानात पुन्हा भरून शिवते. देवसिंग माझा नोकर नाही. तो काम ठरवून घेतो.

आमच्याकडच्या बाया दागिना उशीत शिवून ठेवतात, घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून. त्यामुळे उशी उसवायची, कापूस हाताने चाचपायचा आणि मगच यंत्रात घालायचा, असे माझे देवसिंगशी ठरलेले आहे. काल त्याने न चाचपता घातला. दुपारी यंत्रात चांदीचे कडे अडकले, ठिणगी उडाली आणि त्याच्या शेडमधला सगळा कापूस पेटला. कडे राखेत सापडले. माणसाला इजा नाही. गिऱ्हाइकांचे काहीही वाचले नाही. त्यात नंदाबाईंच्या मुलीच्या आंदणाच्या गाद्या होत्या. लग्न परवा आहे.

संध्याकाळी दुकानासमोर माणसे जमली. मी देवसिंगचे नाव सांगितले. नंदाबाई म्हणाल्या, "कोन देवसिंग? आमी गादी तुह्या हातात देल्ली." एक जण ओरडला, "चौकात माईक धरून हक्क हक्क करतेस ना, सत्यशीलाबाई? मंग आता आमचा हक्क दे!" लोक हसले. मी आत जाऊन शटर ओढले. त्यावर काठी बसली. "कडं कोनाचं होतं ते सांग, नाही तं दुकानबी पेटवतो," असे बाहेरून ऐकू आले. आवाज ओळखता आला नाही. शटर मी आतून दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

माणसे पांगल्यावर मागच्या दाराने एक बाई आली. तिने माझे पाय धरले. म्हणाली, "माय, ते कडं माह्यं हाय. पोराले समजलं तं मले घरात ठेवनार नाही." तिचा मुलगा त्या जमावात होता. कोणता, ते मी सांगणार नाही.

आज सकाळी देवसिंग आला. "भाभी, कड्याच्या मालकीनीचं नाव सांगून टाका. तुमीबी सुटता, मीबी सुटतो."

मी विचारले, "चाचपाचं काम कोनाचं होतं, देवसिंगभाऊ?"

"लग्नाचा सीजन हाय, भाभी. कायले चाचपत बसतो?"

माझे म्हणणे असे. माल माझ्या दारात आला, लोकांनी विश्वास माझ्यावर ठेवला. त्यांना भरून देणे माझ्यावर आहे. देवसिंगचे आणि माझे काय ते आम्ही नंतर पाहू. स्वतःची वस्तू स्वतःच्याच घरात लपवावी लागते, त्या बाईला गुन्हेगार म्हणू नये. मला भीती वाटते. दुकानाजवळ पोलीस असावा, ही विनंती.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "ती बाई माझ्या ओळखीची नाही" असे वाक्य निघाले. मी तसे सांगितले नव्हते. जमादार साहेब म्हणाले, "राहू द्या बाई, तुमच्याच भल्याचं आहे." मी ते खोडायला लावले. ओळखते आणि नाव सांगणार नाही, असे लिहून घेतले. बाकी मजकूर बरोबर आहे. खोडलेल्या जागी सही केली आहे. ती वाकडी आली आहे, पण माझीच आहे.