हिरव्या खुणेची कार्डं

स्वेतोझार : इस्पितळातून ल्युबिंका गेल्याचा फोन आला, त्याच दिवशी हा डबा सापडला. तिची कागदपत्रं शोधत होतो. छत्तीस वर्षांचा संसार, आणि हा डबा मला ठाऊक नाही. म्हणून तुला बोलावलं.

यागोदा : रेडिओ केंद्रातलीच कार्डं आहेत ही, काका. ल्युबिंकाकाकूंचं अक्षर. रेकॉर्ड आली की तिचं कार्ड करायचं, वर प्रकार लिहायचा : लोकगीत, जुनं शहरी गाणं, रॉक. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून हेच केलं.

स्वेतोझार : मग ह्यांच्यावर प्रकार का नाही? नुसती हिरवी खूण.

यागोदा : बघू. हा कोलो नाच... हे तर रॉक. हे लग्नातलं. काही मेळच नाही. काकूंचं तर एखादं गाणं चुकीच्या खणात गेलं, तर त्यांना जेवण जायचं नाही.

स्वेतोझार : मेळ आहे. मागे बघ. तारीख, आणि खाली लिहिलंय 'शेड'. सगळ्या तारखा सप्टेंबरच्या. नदीकाठी सावा कोस्तिनची शेड आहे.

यागोदा : तो अ‍ॅकॉर्डियनवाला?

स्वेतोझार : निम्म्या रेकॉर्डवर तोच वाजवतो. आणि पुरताना माझ्यापेक्षा जास्त रडला.

यागोदा : तो शेजाऱ्याचं मांजर मेलं तरी रडतो. म्हणून उद्या काकूंच्या चाळिसाव्या दिवसाला तुम्ही येणार नाही होय? नेवेना म्हणत होती, बाबांनी विधीचा गहूसुद्धा भिजवू दिला नाही.

स्वेतोझार : तिला काय सांगणार मी? तिची आई आहे ती. पण मेणबत्ती कोणासाठी लावायची, ते मला आधी कळू दे.

यागोदा : सावा अठ्ठ्याण्णवला ऑस्ट्रियाला गेला, तो गेल्या वर्षी परतला. हे कार्ड दोन हजार तीनचं. हे सहाचं.

स्वेतोझार : सुट्टीत येत असेल.

यागोदा : एवढा संशय? तुम्ही रेल्वेत होता की पोलिसात? सप्टेंबरात तुम्ही स्वतः काय करता?

स्वेतोझार : मी? मिरच्या भाजतो. वर्षभराच्या आयवार चटणीसाठी.

यागोदा : कुठे?

स्वेतोझार : मागे, शेडमध्ये. पण माझा काय संबंध? मला गाणं कळत नाही. सगळी सारखीच वाटतात.

यागोदा : ह्यातली एक रेकॉर्ड तुमच्या कपाटात दिसतेय. लावते.

स्वेतोझार : लाव. मी कधी ऐकलेली नाही.

(रेकॉर्ड सुरू होते. थोड्या वेळाने तिच्याबरोबर हलकी शिट्टी ऐकू येते.)

यागोदा : काका.

स्वेतोझार : काय?

यागोदा : शिट्टी वाजवताय तुम्ही.

स्वेतोझार : मी?

यागोदा : दुसऱ्या कडव्यापासून. दर सप्टेंबरात काकू काहीतरी गुणगुणत यायच्या, 'यागोदा, हे कुठलं गं?' म्हणून विचारायच्या. मला वाटायचं, कुणा श्रोत्याची फर्माईश असेल.

स्वेतोझार : मला कधी बोलली नाही.

यागोदा : बोलल्या असत्या तर तुम्ही शेडमध्ये शिट्टी वाजवायचे थांबला असता.

स्वेतोझार : थांबलो असतो... नेवेनाला फोन कर. म्हणावं, गहू भिजत घाल. आणि हे शेवटचं कार्ड कसलं? गाण्याचं नावच नाही.

यागोदा : मागच्या सप्टेंबरचं. तारीख आहे, शेड आहे. त्यांना सापडलं नसणार. काय वाजवत होता तुम्ही?

स्वेतोझार : मला माहीत नाही. ते शोधायचं राहिलंय.