ताडून पाहिलं, असं म्हणणारा शिक्का

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे थोरले वकीलसाहेब, व्यासपीठावरचे आदरणीय पाहुणे, समोर बसलेले सगळे सहकारी, आणि ज्यांना आज निरोप द्यायला आपण जमलो त्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेल्या माणसाला दोनच पुरतील, असा अंदाज असावा. जरा जास्त होतील.

बाईंनी या कार्यालयात एकतीस वर्षं घटस्फोटाचे समझोता करार वाचले. साठ पानं वाचायची आणि वकिलांसाठी एका पानाचं टिपण करायचं: मूल कोणाकडे, घर कोणाला, भेटीचे दिवस कोणते. रोज दुसऱ्यांची मोडलेली घरं वाचून माणूस संध्याकाळी आपल्या घरी सरळ कसा जातो? मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "घरी मांजर आहे. त्याचा कोणाशी करार नाही."

दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर आलं आणि ते चालवायला मी आलो. करार स्कॅन केला की तीन मिनिटांत सारांश. पाहुण्यांनी आत्ता त्याचं कौतुक केलं, ते खोटं नाही. छापलेलं ते माझ्यापेक्षा बरं वाचतं. पण सहीच्या दिवशी नवरा-बायको समोरासमोर बसतात, ऐनवेळी एखाद्या गोष्टीवर अडतात, मग कोणीतरी पेनाने कडेला एक ओळ लिहितं आणि दोघं तिच्याखाली सही करतात. ती ओळ यंत्र सोडून देतं, आणि सोडली असं सांगतही नाही. बाई मात्र करार हातात घेतला की आधी कडा बघायच्या. मला म्हणायच्या, "छापलेलं वकिलांचं असतं रे. नवरा-बायकोचं काय ते कडेला."

म्हणून साहेबांनीच नियम केला. सारांश बाईंनी मूळ कागदाशी ताडायचा, 'ताडून पाहिले' असा त्यांच्या नावाचा शिक्का मारायचा, मगच तो वकिलांकडे जायचा. नियम चांगला. पण पूर्वी दिवसाला चार टिपणं होती, आता चाळीस सारांश झाले. साहेब, आपण एका दिवसात चाळीस करार नुसते उघडून तरी पाहिलेत का? (मागून शर्ट ओढू नका, मला बोलू द्या.)

दर सोमवारी आपल्या बाहेरच्या बाकावर एक आई येऊन बसते, तिला सगळे ओळखतात. तिच्या करारात कडेला लिहिलेलं होतं: 'आईच्या लेखी परवानगीवाचून मुलीला देशाबाहेर नेणार नाही.' सारांशात आलं एवढंच: 'सुट्टीत मुलगी वडिलांकडे.' मुलीचा पासपोर्ट दोघांनी विश्वासाने आपल्याच कपाटात ठेवलेला होता. वडिलांच्या वकिलाने तो मागितला, साहेबांनी सारांश पाहिला, खालचा शिक्का पाहिला आणि देऊन टाकला. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला देशाबाहेर नेऊन सात महिने झाले. तिच्या वडिलांचा फोन लागत नाही.

चौकशीत बाई एकच वाक्य बोलल्या, "शिक्का माझा आहे." ठपका त्यांच्यावर आला. आमंत्रणावर छापलंय 'स्वेच्छानिवृत्ती'. कोणाची स्वेच्छा?

तो शिक्का मी मारला.

त्या दिवशी मला आवडणारी एक मुलगी साडेपाचला बसथांब्यावर थांबणार होती. त्यानंतर एक मिनिटही नाही, असं तिने निक्षून सांगितलं होतं. दिवसाचा गठ्ठा शिक्क्यांसकट आत दिल्याशिवाय मला सुटी नव्हती. पाच वाजता बाई साहेबांच्या खोलीत होत्या आणि सात फायली, त्यात त्या आईचीही, त्यांच्या टेबलावर न उघडता पडलेल्या. मी ड्रॉवर उघडला, सातही सारांशांवर शिक्का उमटवला आणि धावत सुटलो. ती आली होती. तिने नाही म्हटलं, त्याला दोन मिनिटं लागली. तिचा दोष नाही. त्या थांब्यावरून जाताना माझी मान अजून वळते, तोही तिचा दोष नाही.

चौकशीनंतर मी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, तुम्हाला कळलं होतं?"

"माझा शिक्का तिरका पडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"ड्रॉवरला कुलूप लावायचं काम माझं होतं. आणि तुला दुसरीकडे कोण ठेवणार, अर्धवटराव? कॉलेज अर्ध्यात सोडलंस, कागदही अर्ध्यात सोडतोस."

एवढं बोलून त्या हळूहळू जिना उतरल्या. आणि मी, जो चहा गार आला तरी भांडतो, तो इतके महिने गप्प बसलो.

हा माझा लेखी जबाब. अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो. बाईंच्या नावावरचा ठपका आज, सगळ्यांसमोर, काढावा. माझं काय करायचं ते उद्या ठरवा. याची एक प्रत सकाळी मी त्या आईच्या हातात दिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे आता ती कधी येईल?"



आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर तेवढं पदरात घ्या. शिक्क्याचं मात्र कोणी पदरात घेऊ नका. बाई, तुम्हीसुद्धा नाही.