अजून कुणाला कळायचं राहिलंय?

मेधाताई आणि मंडळी, रविवारची कामं टाकून अख्ख्या ऑकलंडमधून पापाकुऱ्याच्या या हॉलमध्ये एवढे जण आलात. काल झिम्बाब्वेच्या लोकांनी चर्चमध्ये गाऊन तेंडाईला निरोप दिला. आज मेधाताईंचा नवरा, म्हणजे आपला जावई, म्हणून आपण जमलोय. मला बोलणं जड जातंय. कारण खरं सांगतो, मी या माणसावर जळायचो.

हो, जळायचो! पेनरोजच्या एकाच डेपोत आम्ही कामाला. तो त्याच्या आफ्रिकन लोकांसाठी न्यूज वेबसाइट चालवायचा, मी आपल्या मराठी मंडळाची. लंच ब्रेकमध्ये दोघंही फोनवर टाइप करत बसायचो. त्याच्या बातमीची लोक वाट बघायचे. माझी तुम्ही वाचायचात तरी का? फोटोत आपण आलोय का, एवढं बघायचात.

आणि तो तर बातमी उशिरा द्यायचा! कुणी गेलं की आधी घरी फोन. मजकूर वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "अजून कुणाला कळायचं राहिलंय?" मी म्हणायचो, "अशानं तू कायम लेट." तो हसून इथल्या किवी लोकांसारखं म्हणायचा, "स्वीट ॲज." म्हणजे, चालतंय की.

गेल्या वर्षी आपले शरदकाका गेले. तेंडाईचे ते शेजारी, त्यामुळे बातमी दोघांनाही कळली. मी दहा मिनिटांत टाकली. पहिला आलो! त्यांच्या मुलीनं ती ट्रेनमध्ये वाचली. वडील गेल्याचं तिला माझ्या वेबसाइटनं सांगितलं. तेंडाईचा फोन आला. ओरडला नाही. "मुलीला कुणी सांगितलं होतं का?" एवढंच. मला वाटलं, हा माझ्यावर जळतोय. किती कोतं मन माझं!

बुधवारी दुपारी डेपोत तो माझ्या शेजारीच कोसळला. अँब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही. बातमी माझ्याकडे होती, सगळ्यांच्या आधी. मी फोन खिशात टाकला आणि मेधाताईंच्या हॉस्पिटलात गेलो. त्या नर्स, माझा चेहरा बघूनच समजल्या. बऱ्याच वेळानं मी धीर करून विचारलं, "अजून कुणाला कळायचं राहिलंय?" म्हणाल्या, "हरारेला त्याची बहीण. ती झोपली असेल."

मी थांबलो. तिकडे उजाडलं, मेधाताई तिच्याशी बोलल्या, मगच दोन ओळी टाकल्या.

हेवा अजून वाटतो, तेंडाई. माझी बातमी देताना असं कोण थांबेल?

मंडळी, फोन बाजूला ठेवा. उभे राहूया, दोन मिनिटं.

तेंडाई, आता कुणाला कळायचं राहिलेलं नाही.