पंक्चरच्या दुकानामागची भट्टी

प्रणोती : बाबा, हे तर पंक्चरचं दुकान आहे!

विष्णुपंत : त्याच्या मागं पाहा, पोरी. धूर दिसून राहिला ना? थांबव स्कूटी.

प्रणोती : रांझीच्या बाजारातली दोन चांगली हॉटेलं नाकारली तुम्ही. आणि इथं? टायरांच्या ढिगात?

विष्णुपंत : तेलाचा ड्रम उभा कापून भट्टी केली त्या कोंबडीवाल्यानं. जाळीचं वेल्डिंग पाहा, कुठं घाई नाही. फॅक्टरीत जन्म गेला माझा, हात ओळखतो मी. हा कोंबडीपण तशीच भाजत असेल. चलो, पार्सल घे.

प्रणोती : आणि घरी नेऊन?

विष्णुपंत : मिक्सरमध्ये फिरवू.

प्रणोती : कोळशावरची कोंबडी मिक्सरमध्ये! दोन महिने झाले, बाबा. पोळी मिक्सरमध्ये, भाजी मिक्सरमध्ये. नवी कवळी डबीत, आणि तुम्ही दार लावून जेवता.

विष्णुपंत : टोचते ती. चारचौघांत निसटली म्हणजे?

प्रणोती : रविवारी बंडूचं उष्टावण आहे. सगळे पंगतीला, आणि त्याचे आजोबा आतल्या खोलीत?

विष्णुपंत : तुझ्या बंडूला तरी कुठं दात आहेत?

प्रणोती : त्याला लाजही नाही. भैया, एक हाफ!

अनुपम (भट्टीवरून) : अभी लो दीदी. बैठो बेंच पे.

विष्णुपंत : पैक कर दो, भैया.

अनुपम : पैक नहीं करता, बाबूजी. घर जाके ठंडा खाओगे, गाली मुझे दोगे.

प्रणोती : ऐकलं? ही घ्या डबी.

विष्णुपंत : तू सोबत आणली?

प्रणोती : बंडूच्या लंगोटांच्या पिशवीत लपवून. तो घरी पप्पाजवळ आहे, आलोकजवळ; दीड तास झोपेल. तुम्ही चावून खाल्ल्याशिवाय स्कूटी सुरू होणार नाही.

विष्णुपंत : लोक पाहून राहिले.

प्रणोती : आपापल्या ताटात पाहून राहिले.

(विष्णुपंत टायरांकडे तोंड करून कवळी बसवतात.)

अनुपम : लो बाबूजी. हड्डी के पास से शुरू करो.

प्रणोती : बाबा? टोचते का? बोला ना काही.

विष्णुपंत : गप. चावू दे.

प्रणोती : अच्छा, नाही बोलत.

विष्णुपंत : भैया, नींबू देना. और एक हाफ.

प्रणोती : एवढं जाईल तुम्हाला?

विष्णुपंत : तुझ्यासाठी आहे. बस इथं.

प्रणोती : मी खाते ना उभ्यानंच, पटकन.

विष्णुपंत : बस म्हटलं ना. जेवताना दाराच्या फटीतून दिसते मला. बंडू झाल्यापासून सहा महिन्यांत एक घास बसून खाल्ला नाहीस तू.