लाथ आणि परवानगी

...अहो नाही, चूक माझी नाही, पायांची आहे! तुम्हाला सांगतो, दोन्ही किडन्या बसल्या, दिवसाआड डायलिसिस, त्याचंही काही नाही; पण पाठ टेकली रे टेकली की पोटऱ्यांत मुंग्यांचं युद्ध पेटतं, खाज अशी की स्वतःचीच कातडी सोलून खुंटीला टांगावी, घशाला कोरड, आणि पाणी घोटभर! झोप येईल का अशानं, तुम्हीच सांगा! कचेरीत उभा जन्म फायलींवर डोकं टेकून घोरलो, साहेबसुद्धा चोरपावलांनी जायचे... आणि आता गादीवर टक्क डोळे! चुकून डोळा लागलाच, तर पाय सुटतात. खेचरानं शिकवणी लावावी अशा लाथा! आणि बसतात कुठं? बायकोच्या डाव्या कुशीत. बरोब्बर तिथं, जिथली किडनी ती मला देणार आहे!

झालं! किडनी देणारी राजीखुशीनं देतेय ना, हे बघायला दवाखान्यात एक समिती असते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हिची कूस बघितली, तर काळीनिळी! "ताई, घरात मारहाण होते?"

ही थंडपणे म्हणते, "होते की. रोज."

"अहो बाई, मी झोपेत असतो!" मी ओरडलो.

"दारुडेही हेच सांगतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परवानगी अडली!

म्हटलं, मशीनवर डुलकी लागते तेव्हा या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आल्या! माझ्या पायथ्याशी खुर्ची टाकून फाशी देणाऱ्यासारख्या बसल्या. झोप येईल का अशानं, तुम्हीच सांगा! पण मशीनची घरघर... पापणी जड झाली... आणि फाडकन! जागा होतो तो काय, बाई खुर्चीसकट उताण्या, चष्म्याचे दोन तुकडे, नाकातून धार, माझ्या हातातली सुई निसटलेली, रक्ताची पिचकारी थेट भिंतीवर, सिस्टर माझ्या दंडावर बसून किंचाळतेय, "हलू नका, आजोबा, मराल!" आणि जमिनीवरून बाईंचा आवाज, "दिली! परवानगी दिली!"

घरी येताना हिला म्हटलं, "सुटलो गं. तुझी किडनी बसवली की मी शांत झोपेन."

"झोपा ना," ही म्हणाली, "पण तिनं तुमच्या लाथा खाल्ल्यात. एकदा आत शिरू दे, मग बघा, आतून कशी परतफेड करते ते!"

झोप येईल का अशानं, तुम्हीच सांगा!