एका नवऱ्याच्या दोन तिथी

हो, नवऱ्याची तिथी मी यंदा दोनदा केली. एकदा सहाव्या महिन्यात आणि तोच महिना अधिक म्हणून परत आला तेव्हा पुन्हा, दोन्ही वेळा आमंत्रणं मीच दिली, कोंबडं मीच उकडलं, यातलं काहीही मी नाकारत नाही. पण तुम्हाला सांगते, विसरणं वेगळं आणि चुकणं वेगळं, आणि हा फरक मी व्हिएतनामच्या या ह्वे शहरातल्या तीन पिढ्यांना शाळेत शिकवलेला आहे.

बरं, मी चुकले, पण आलेल्यांचं काय? तीच माणसं, तेच कपडे, घरातल्या पितरांच्या वेदीपुढे उदबत्ती लावून तशीच वाकली, आणि एकाने तरी तोंड उघडावं? पण बाईंना सांगणार कोण... अर्धी पंगत माझी छडी खाल्लेली. नणंद थोआ तर दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणते, "वहिनी, चिकट भात काय जमलाय हो यंदा." यंदा म्हणे. आणि तिचा नवरा ठार बहिरा, बहिऱ्याला कुजबुजणं कुठलं, तो अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या महिन्यातलं कोंबडं जास्त मऊ होतं."

सगळ्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

मी म्हटलं, अधिक महिना आहे, म्हणून मुद्दाम केली. तर दा नांगहून आलेला माझा मुलगा ख्वा म्हणतो, "आई, अधिकात तिथी करत नाहीत, हे तूच सांगायचीस. बरं, मागच्या महिन्यात काय काय रांधलं होतंस?" म्हणजे आईची तोंडी परीक्षा. मी ताठ बसले आणि कमळबियांचं सूप, कच्च्या अंजिरांची कोशिंबीर, केळफूल, सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी थोआ मान खाली घालून पुटपुटली, "वहिनी, ते दादांच्या पहिल्या वर्षश्राद्धाचं."

विसरणं वेगळं, चुकणं वेगळं... त्या दिवशी हे वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

मग सुनेचे उपाय. अक्रोड खा, कोडी सोडवा, किल्ली एकाच खुंटीला अडकवा, आणि प्रत्येक काम मोठ्याने बोलून करा, म्हणजे डोक्यात ठसतं. करते ना मी. 'शेगडी बंद केली', असं मी रिकाम्या घरात स्पष्ट उच्चारात म्हणते, आणि वेदीवरच्या फोटोतून हे ऐकतात. त्यांच्यासमोर बोललेलं लक्षात राहतं, खोटं कशाला सांगू?

आणि ख्वाने नेमका वेदीवरच्या धूपपात्राचाच विषय काढला, ते दा नांगला आपल्या घरी नेतो म्हणाला. ते ज्या घरात, तिथी त्या घरात आणि गेलेला माणूसही त्याच घरात. ते दा नांगला गेलं, तर शेगडी बंद केल्याचं मी कोणाला सांगायचं? भिंतीला?

"बाबांनाच विचारू," ख्वा म्हणाला. विचारण्याची रीत आहे आमच्यात, वेदीपुढे दोन नाणी टाकायची, एक छापा आणि एक काटा पडला की मृताचा होकार. होकार येणार नाही, याची मला खात्री होती. या माणसाने हयातीत साधं गळकं छप्पर बदलायलाही दोन पावसाळे 'बघू' म्हणत काढले होते. नाणी पडली, एक उताणं, एक पालथं. पहिल्याच फेकीला.

तेव्हा ठरलं ते असं: धूपपात्र दा नांगला जाईल, पुढची तिथी सून करील. ख्वा कबूल, थोआ कबूल, तिच्या बहिऱ्यालाही ओरडून विचारलं, तोही कबूल, हे तर काय, कबूलच. मीही हो म्हटलं, असं सगळे सांगतात.

म्हटलं असेल.