बिनकॅरियरची सायकल

भगवानराव : थांबा मॅडम, अशा समोरून नाही. इकडून या, सावलीतून पाहा. मंग सांगा कशी वाटते.

आभा : भाऊजी... ही बेबीताईंचीच सायकल आहे ना?

भगवानराव : त कोणाची? नाही ना ओळखू आली! सकाळपासून बसलो होतो हिच्यापाशी. थे गेली वावरात, यीनच आता. तिले काहीच ठाऊक नाही. म्हटलं उद्या बायकोची एवढी मोठी शर्यत, आपल्याकडून काही पायजे का नाही?

आभा : स्टँड लावलंत.

भगवानराव : स्टँड लावलं, कॅरियर लावलं, मडगार्ड लावले, समोर बास्केट. अन् हे घंटी पाहा, कशी वाजते. लिंबू-मिरची मातर माझी नाही हं, थे शेजारच्या रुपीबाईनं बांधली.

आभा : अगं बाई!

भगवानराव : मस्त दिसते ना? दोन महिने झाले, पाहून राह्यलो मी. गाडी आणली तवापासून भिंतीले टेकवून ठेवते. कदी बकरी धक्का देते, कदी वारा पाडते. एवढ्या हौसेनं भिशीच्या पैशातून घेतली, अन् तिले उभं राहाले भिंत लागते! मले त वाईट वाटे. बनवणाऱ्यायले स्टँड द्याचं ध्यानातच नाही राह्यलं का?

आभा : विसरले नाहीत हो. रेसच्या सायकलला स्टँड नसतंच. वजन जितकं कमी तितकी ती पळते, म्हणून.

भगवानराव : स्टँडचं असं कितीसं वजन, मॅडम! बेबी उद्या एक पोळी कमी खाईन. झालं बरोबर.

आभा : भाऊजी, हसवू नका. मला आधी सांगा, हे स्टँड कशावर बसवलंय? मागच्या चाकाकडे जाते त्या दांडीवर?

भगवानराव : हो. क्लँप लावला अन् पान्यानं खच्चून आवळला. आता बैल बांधला तरी हालत नाही.

आभा : अरे देवा.

भगवानराव : काहून? काय झालं?

आभा : ही दांडी लोखंडाची नाही, कार्बनची आहे. म्हणजे कसं सांगू... बारीक धाग्यांचं कापड असतं, त्याचे थरावर थर चिकटवून बनवतात. चालवताना कितीही ताण द्या, सोसते. पण चिमट्यात धरून आवळली की आतून चिरडू शकते. आणि आतली चीर बाहेरून दिसेलच असं नाही.

भगवानराव : अन् चीर असली मंग?

आभा : मग चालवताना मोडू शकते. उद्याच्या शर्यतीत आधी पोहणं, मग लगेच सायकल, मग पळणं; आणि सायकलच्या रस्त्यात घाट आहे. उतारावर ताई वेगात असताना मोडली तर...

भगवानराव : काय बोलून राह्यल्या मॅडम तुमी!

आभा : घाबरवायचं नाही मला. पण तपासल्याशिवाय मी त्यांना हिच्यावर बसू देणार नाही. वेळ पडली तर उद्या नाहीच उतरायचं शर्यतीत.

भगवानराव : बाप्पा बाप्पा! मले काय ठाऊक? कापडाची सायकल असते का कुठं! थांबा, पाना कुठं ठेवला मी... थे यायच्या आत काढून टाकतो सगळं.

बेबीताई : काय काढून टाकता मी यायच्या आत?

भगवानराव : आली का तू!

बेबीताई : आली. आभाताई, कवा आल्या? चहा देल्ला का यायनं, का नुसतं बोलणंच पाजून राह्यले? बसा ना. माझी पिशवी भरूनच आहे, गाडी तुमच्या कारवर चढवली का निंगू... अहो. हे काय आहे?

भगवानराव : तुझ्यासाठीच केलं व.

बेबीताई : हे कॅरियर कोणं लावलं?

भगवानराव : मीनं.

आभा : ताई, ते आपण बघू. आधी स्टँड काढू या. दांडीला काही झालं असलं तर कळायला हवं.

बेबीताई : काय झालं दांडीले?

भगवानराव : मॅडम म्हणते का मीनं आवळली म्हून आतून तडकली असीन. तडकली असली त उद्या तुले जाता येत नाही. घे, सांगितलं. आता काय बोलाचं थे बोल मले.

(बेबीताई पाना उचलून भगवानरावांच्या हातात देते.)

भगवानराव : बोल ना. शिव्या दे. नुसता पाना काय देते बाप्पा!

बेबीताई : तुमी आधी नट ढिल्ला करा. मंग बोलते मी.

भगवानराव : करतोच आहे. हं, निंगाला. हा घ्या क्लँप. अन् हे खालचं रबर.

आभा : रबर? कसलं रबर?

भगवानराव : जुन्या ट्यूबची पट्टी आहे. चांगली दुहेरी गुंडाळली होती, अन् मंग क्लँप बसवला. काळा रंग कसा चकाकते, त्याच्यावर खरचटा नको पडाले म्हटलं. नाही त घरात पाय ठेवू नसता देल्ला हिनं.

आभा : भाऊजी! हे आधी नाही का सांगायचं? मग कदाचित वाचलीही असेल. एक नाणं द्या बरं. आणि दोघंही अजिबात बोलू नका.

(आभा गुडघ्यावर बसून नाण्यानं दांडीवर टकटक करत पुढे सरकते, मग दुसऱ्या बाजूच्या दांडीवर, मग परत पहिल्या.)

बेबीताई : काय म्हणते?

आभा : चिरडली असती तर त्या जागी बोदा आवाज आला असता. इथून तिथपर्यंत आवाज एकसारखा आहे. दोन्ही बाजूंना सारखा. वर ओरखडाही नाही. तरी संध्याकाळी यवतमाळला आपल्या ग्रुपमधल्या साकेतच्या सायकलच्या दुकानात नेऊ, तो भिंग लावून बघेल. त्यानं हो म्हटलं तरच उद्या. पण मला तर बरी वाटतेय.

भगवानराव : देवा रे देवा. बसतो थोडा.

बेबीताई : बसा. अन् बसल्या बसल्या कॅरियर काढा.

भगवानराव : कॅरियर? थे त सीटखाली आहे. मॅडम, त्याच्यानं काही बिघडते का? ढिल्लं ठेवतो पायजे त. उद्या पाण्याची बाटली, पोहून आल्यावर टॉवेल, पोळीचा डबा, कुठं ठेवाचं मंग?

आभा : खरं सांगायचं तर ते दांडकंही कार्बनचंच आहे, काढलेलंच बरं. पण ताई, तुम्ही स्टँडपेक्षा कॅरियरवरच जास्त चिडलात. का बरं?

बेबीताई : चिडली नाही मी.

भगवानराव : चिडली आहे. मले नाही कळत का? नाक फुगलं आहे तिचं.

आभा : एक विचारू? सायकल घेताना मी तुम्हाला सरळ हँडलची घ्या म्हणून किती सांगितलं. पाठ दुखणार नाही, गावच्या रस्त्यावर चालेल, नंतर कॅरियरही बसवता येईल. तुम्ही ऐकलंच नाही. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचं कारण मला माहीत आहे. साकेतनं लाल रंग पाहिला आणि घेतली, वर तोंडानं सांगतो गिअर चांगले आहेत. मी माझी घेतली शर्यतीत वेळ कमी लागावा म्हणून. अनघानं घेतली कारण मी घेतली. तुमचं कारण मात्र मला अजून कळलेलं नाही.

बेबीताई : तुमी हाससान.

आभा : नाही हसणार.

बेबीताई : तिले कॅरियर नव्हतं म्हून घेतली.

भगवानराव : आं?

बेबीताई : तुमच्या ग्रुपच्या सगळ्या गाड्या पाह्यल्या ना मीनं तवा. तुमी काय काय सांगत होत्या, गिअर अन् काय अन् काय. माझं ध्यान नव्हतं. मी नुसतं मागं पाहून राह्यली होती. मागं काहीच नाही. बसाले जागा नाही, बांधाले जागा नाही. म्हटलं हेच पायजे.

भगवानराव : हे काय कारण झालं व?

बेबीताई : तुमाले नाही समजणार. तुमी जवा पाह्यलं तवा फटफटीवर. ह्या घरी आली तवापासून सायकल मीच चालवली. गुरांच्या ढेपीचं पोतं मागं. दुधाची कॅन मागं. तुमच्या मायचा, आत्याबाईचा पाय मोडला, त्यायले पट्टी बदलाले नेरच्या दवाखान्यात न्याचं, मागं बसवून. आपल्या वैष्णवीले शाळेत सोडाचं. तिले गोवर आला तवा तिले ओढणीनं पाठीशी बांधून नेलतं मीनं, आठवते का? तुमी उमरखेडले गेलते, बैल पाहाले.

भगवानराव : आठवते. म्हंजे आमचं वजन झालं का तुले?

बेबीताई : पाहा, लगेच कसे रुसले! वजन झालं म्हणते का मी? आवडीनं नेलं. उद्या न्याची पाळी आली त उद्या बी नीन.

भगवानराव : मंग?

बेबीताई : मागं कोणी बसलं असलं का हात कुठं असते ठाऊक आहे? एक हँडलवर, एक मागं. दर घडीले मागं चाचपाचं. पोट्टी आहे ना, झोपेत घसरली त नाही? पोतं कललं त नाही? उतार आला का सारे लोक सायकल सोडून देतात, भन्नाट जातात. मी ब्रेक दाबून. सगळा उतार ब्रेक दाबून. बोटं दुखून यायची माझी. एवढी वर्ष सायकल चालवली, पण उतारावर कदी सोडून नाही देल्ली.

आभा : ताई...

बेबीताई : तुमी त्या दिवशी म्हटलं ना, चालवून पाहा. साकेतभाऊनं हेच सायकल देल्ली होती. नेरच्या रस्त्यावर तो लहानसा उतार आहे, तिथं आली. अन् माझा हात आपोआप गेला मागं. चाचपलं. काहीच नाही, नुसती हवा! मले एवढं हासू आलं, एकटीच हासत होती मी रस्त्यावर. एक ट्रॅक्टरवाला पाहूनच राह्यला. अन् मंग मीनं ब्रेक सोडला.

भगवानराव : पडली असती ना!

बेबीताई : नाही पडली. लय बरं वाटलं मले. असं वाटलं का बाप्पा, हे इतकं सोपं होतं, अन् आपल्याले ठाऊकच नव्हतं.

आभा : मला वाटलं होतं तुम्हाला ती दिसायला आवडली.

बेबीताई : दिसाले त डासावानी आहे. नुसत्या तंगड्या.

भगवानराव : मले सांगाचं ना मंग. मी कायले लावलं असतं?

बेबीताई : काय सांगू? का मले मागं कोणी नको? असं सांगते का कोणी नवऱ्याले?

भगवानराव : मले त वाटलं तुले सोय होईन. कसं म्हणू... तू निंगाली का मले काही करताच येत नाही. पोहणं मले जमत नाही, पळण्याचे दिवस गेले. पाना तेवढा येते हातात धरता. म्हटलं आपल्या हाताचं काही तिच्यासंगं जाईन.

बेबीताई : अहो.

भगवानराव : काय?

बेबीताई : रबर तुमीच लावलं ना?

भगवानराव : हो.

बेबीताई : त्याच्यानंच वाचली गाडी. नाही त मी उद्या घरीच बसली असती, अन् वर्षभर तुमाले ऐकवलं असतं.

भगवानराव : वर्षभरच? एवढ्यात सोडलं असतं का तू?

आभा : भाऊजी, मडगार्डही काढा. बास्केटही. घंटी मात्र राहू दे, घंटीला नियमात बंदी नाही.

बेबीताई : घंटी राहू द्या. समोर कोणी आलं त वाजवीन.

भगवानराव : घे, निंगालं कॅरियर. बरं, मीनं काय म्हटलं मॅडम, मी बी उद्या येऊ का? दूध शेजारचा गोपाल काढीन. तिथं बाहेरच्या माणसाले उभं राहू देते का?

आभा : देतात की! सगळ्यांच्या घरचे येतात. टाळ्या वाजवायला माणसं हवीतच.

भगवानराव : मंग मी घाटाच्या खालते उभा राहतो. थे उतरून आली का तिले पाणी देतो.

बेबीताई : खालते नका उभे राहू.

भगवानराव : काहून? लाज वाटते का माझी?

बेबीताई : तसं नाही हो. तुमी खालते दिसले का माझा हात ब्रेकवर जाईन. मी थांबीन. मले तुमाले पाहून नाही जाता येत पुढं.

भगवानराव : मंग कुठं राहू मी?

बेबीताई : वरते राहा. चढ संपते तिथं. मी सुटली का पाहा.

भगवानराव : तिथून त नुसती पाठ दिसीन तुझी.

बेबीताई : दिसू द्या.

भगवानराव : बरं. वरतेच राहतो मी.